जाण्यायेण्याचा वेळ कोणाच्या खात्यावर?



चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, नव्या कामगार संहितांवर आम्ही काही सांगावे. विषय महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु दिवसभर काजूच्या बिया वेचून आणि आंब्याच्या पेट्या भरून थकलेल्या माणसांपुढे रात्री कलमे वाचून दाखवणे आमच्या जिवावर आले. म्हणून आम्ही उलट्या वाटेने जायचे ठरवले. आधी एका माणसाची अडचण सांगावी, आणि त्या अडचणीच्या मागोमाग कायदा जेथे येईल तेथे त्याला येऊ द्यावे. तो माणूस वैमानिक आहे. हे कळल्यावर चालकांपैकी एका गृहस्थांनी विचारले, "अहो, तळेऱ्यात एसटी थांबते. येथे विमानाचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. तासाभराने तो तसाच उरला, तर दोष आमचा समजावा.

आमच्याविषयी एवढेच सांगतो की, शाळेने आम्हांला नववीत सोडले. किंवा आम्ही तिला सोडले म्हणा. पुढे जे शिकलो ते मोटार कामगारांच्या चौकश्या चालवताना आणि वाचनालयाच्या बाकावर शिकलो. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये; हिशेबाची ठेवावी.

दोन वर्षांमागे शिमग्यानंतर आम्ही कणकवलीहून कोकणकन्येने मुंबईस चाललो होतो. समोरच्या बाकावर एक तिशीतला तरुण होता. गाडी सुटली तशी त्याने घड्याळाकडे पाहिले, उशाशी पिशवी घेतली आणि पडला. पण झोप काही त्याला येईना. दर स्टेशनाला तो उठून बसे. अखेर आम्हीच विचारले, "काय हो, उद्या परीक्षा आहे की काय?" तो हसून म्हणाला, "परीक्षाच म्हणा काका. दुपारी ड्यूटी आहे. विमान चालवतो."

मालवण तालुक्यातला मुलगा. आजोबा परळच्या एका गिरणीत साचे चालवीत होते. याने कर्ज काढून वैमानिकाचे शिक्षण घेतले, नोकरी लागली, मुंबई हा 'बेस' मिळाला. बेस म्हणजे ज्या विमानतळावर हजेरी लावायची आणि जेथून कामाचा तास मोजायला सुरुवात व्हायची ती जागा. आईवडील गावी, वडिलांना पक्षाघात झालेला. बायको कणकवलीस शिक्षिका. तिची नोकरी कायम. एक मूल तीन वर्षांचे. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, अंधेरीस घर घ्यावे, बायकोने नोकरी सोडावी, आईवडिलांना न्यावे किंवा मागे ठेवावे. दुसरी, घर येथेच ठेवावे, आणि सुट्टीला गावी येऊन ड्यूटीच्या आदल्या रात्री गाडी धरावी. तीन वर्षे तो दुसरी वाट चालत होता. त्याने आम्हांला विचारले, "काका, तुम्ही युनियनचे ना? तुमची युनियन काय म्हणेल, मी कोठे राहावे?"

सभ्य स्त्रीपुरुषहो, या प्रश्नाला आम्हांला त्या रात्री उत्तर देता आले नाही. का देता आले नाही, ते सांगण्यासाठीच आज उभे आहोत.

आपल्यापैकी काहींच्या मनात येईल की, लाखांनी पगार घेणाऱ्याची चिंता आपण का वाहावी? तर दोन कारणांसाठी. पहिले असे की, झोप ही पगाराने विकत मिळणारी वस्तू नाही. दुसरे असे की, त्याच्या मागे दीडदोनशे माणसे बसलेली असतात, आणि ती तिकीट काढताना वैमानिक रात्री कोठे निजला होता हे कोणी विचारीत नाही. आपणही एसटीत चढताना विचारीत नाही.

आता त्याच्या कामाचा तक्ता पाहा. गिरणीचा भोंगा ठरलेल्या वेळी होई. वैमानिकाचा भोंगा दर दिवशी निराळा. आज पहाटे चारला हजेरी, उद्या दुपारी, परवा रात्री. काही दिवस घरी बसून बोलावण्याची वाट पाहायची; बोलावणे आले की ठरलेल्या अवधीत विमानतळावर पोचायचे. म्हणजे त्या दिवशी घर विमानतळाच्या टप्प्यातच हवे. शिवाय विमान एकदा निघाले की मध्ये उतरून तोंडावर पाणी मारण्याची सोय नाही. म्हणून सरकारने त्यांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळा बांधून दिल्या आहेत. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची होती, ती ४८ तासांची केली. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढवली. रात्रीच्या वेळी विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. हे नियम न्यायालयापर्यंत गेले, आणि २०२५ च्या जुलै व नोव्हेंबर महिन्यांत दोन टप्प्यांनी अंमलात आले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहेच. देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीला नव्या नियमांप्रमाणे वैमानिक पुरेनात. हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर सामानाचे डोंगर साचले. आणि काही नियमांतून कंपनीला तात्पुरती सूट द्यावी लागली. लोक संतापले. पण विश्रांती वाढवायची तर माणसे वाढवावी लागतात, हा हिशेब खानावळवालीलाही कळतो. नियम जाहीर झाल्यापासून अंमलात येईपर्यंत जवळजवळ दोन वर्षे हातात होती.

या नियमांत एक वाक्य आहे, ते आम्ही तीनदा वाचले. विमानतळावर जाण्यायेण्यास लागणारा वेळ कामातही धरायचा नाही आणि विश्रांतीतही धरायचा नाही, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. कंपनीने तेवढा वेळ लक्षात घेऊन, विश्रांती ठरलेल्या किमानाखाली जाणार नाही असे पाहावे, अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे. हॉटेल ते विमानतळ अर्धापाऊण तासाचा रस्ता असेल तर हे ठीक. पण कणकवली ते मुंबई रात्रभराचा रस्ता असेल तर? तो वेळ मालकाच्या वहीत नाही. आणि माणसाच्या देहाच्या वहीत मात्र पै-पैसह मांडलेला आहे. जो वेळ कोणाच्याच खात्यावर नाही, तो शेवटी झोपेच्या खात्यातून वळता होतो.

याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोस जाणारे एक विमान उतरण्याच्या बेतात असताना घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक अशी ५० माणसे गेली. चौकशीत जे बाहेर आले ते ऐकण्यासारखे आहे. सहवैमानिक तरुणी होती. तिचा बेस नेवार्क, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर, आणि ती राहत असे पश्चिम किनाऱ्यावर सिॲटलजवळ, आईवडिलांकडे. आदली सबंध रात्र तिने मालवाहू विमानांतून, मेंफिसला विमान बदलून, प्रवास केला होता. कप्तानाचे घर फ्लोरिडात. त्याने आदली रात्र विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली. तेथे रात्रीचा मुक्काम करू नये असा कंपनीचा नियम होता. पण मुक्काम कोठे करावा, याची सोय मात्र कंपनीने केलेली नव्हती. त्या कंपनीचे नेवार्कला १३७ वैमानिक. त्यांपैकी ९३ बाहेरगावाहून येणारे. ४९ जण ४०० मैलांहून अधिक लांबून येत, आणि त्यांतले २९ तर १,००० मैलांहून अधिक लांबून.

येथे आम्ही सत्याला धरून राहू. अपघाताचे मुख्य कारण चौकशी मंडळाने थकवा असे दिले नाही. विमानाचा वेग घटल्याची सूचना मिळाल्यावर कप्तानाने जे करायचे त्याच्या उलट केले, हे कारण दिले. दोघेही थकलेले असावेत, पण त्या थकव्याने चूक किती झाली हे ठरवता येत नाही, असे मंडळाने म्हटले. पुढे तेथील संसदेच्या सांगण्यावरून विद्वानांची समिती बसली. तिने २०११ मध्ये अहवाल दिला की, घर आणि बेस यांत अमुक अंतरच असावे असा कायदा करण्याइतका पुरावा नाही. आणि ते खरेही आहे. हजार मैलांवरून आदल्या दिवशी येऊन रात्रभर निजलेला माणूस ताजा असतो. आणि दहा मैलांवर राहून तीन तास वाहनांच्या रांगेत अडकलेला माणूस शिणलेला असतो. प्रश्न मैलांचा नाही. हजेरी लावण्यापूर्वीची रात्र अंथरुणावर गेली की बाकावर, एवढाच तो आहे. अमेरिकेतील नवे नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले. ड्यूटीपूर्वी दहा तासांची विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेची संधी, असे त्यांत आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी 'मी कामास योग्य आहे' असे वैमानिकाने स्वतः सांगायचे, असेही त्यांत आहे.

झोपेचे हिशेब किती चमत्कारिक असतात, याचा दाखला आपल्या शेजारी मंगळुरास आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले. १५८ माणसे गेली, आठ वाचली. कप्तान वाटेत बराच वेळ झोपला होता, आणि झोपेतून उठल्यावर काही काळ बुद्धीवर जी जडता राहते तिचा या अपघाताशी संबंध होता, असे चौकशी न्यायालयाने नमूद केले. तेथे घर लांब असण्याचा प्रश्न नव्हता. आम्ही हे उदाहरण एवढ्याचसाठी देतो की, डोळे उघडले म्हणजे माणूस जागा झाला, असे होत नाही. पहाटे दादरला उतरून 'झाली थोडी झोप गाडीत' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या घरी येऊ. तळेऱ्याचा हा तिठा पाहा. एक रस्ता मुंबईला, एक गोव्याला. एक विजयदुर्गाला उतरतो आणि एक गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापुरास चढतो. या तिठ्यावर उभे राहून बाप मुंबईस जाताना ज्याने पाहिला नाही, असा आमच्या पिढीचा माणूस या मंडपात विरळाच. मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याची खटपट १८५४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून कोकणचा माणूस दोन ठिकाणी जगू लागला. आपल्या बोलीनेही त्याची नोंद ठेवली आहे. मुंबईतली ती 'खोली' आणि गावचे ते 'घर'. तीस वर्षे परळला काढलेला माणूस 'घरी जातो' म्हणे, तेव्हा त्याने तिकीट कोठले काढले हे विचारावे लागत नसे.

आमचे वडील लालबागला गावकीच्या खोलीत राहत. एका खोलीत वीसपंचवीस माणसे. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खिळा आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर निजायचा. सतरंजी थंड म्हणून होत नसे. जेवण खानावळीत. वर्षातून गणपतीला आणि मे महिन्यात घरी. आम्ही लहान असताना एकदा त्यांना विचारले, "बाबा, तुम्ही खंय रवतास?" ते म्हणाले, "घर खंय आसा तां माका ठावक आसा. मी खंय रवतंय तां गिरणीक इचार." हे उत्तर तेव्हा विनोदाचे वाटले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतर वडील ट्रंक घेऊन कायमचे परत आले. तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो, आणि घरात एक परका मनुष्य राहावयास आला आहे, असे आम्हांला कित्येक महिने वाटत होते. घर राखण्यासाठी ते घराबाहेर राहिले. घर राहिले, पण घराशी ओळख राहिली नाही.

अमेरिकेतील वैमानिकही आज विमानतळाजवळ अशाच खोल्या भाड्याने घेतात. एका घरात दहाबारा खाटा. एक उडाला की दुसरा निजतो. ते वर्णन वाचताना आमच्या डोळ्यांपुढे लालबागची ती खोली उभी राहिली. वैमानिक आकाशातून जात असेल. पण मुक्कामाच्या बाबतीत तो आपल्या चाकरमान्यांचाच भाऊबंद आहे. म्हणून म्हणतो, तळेऱ्यात विमानाचे काम आहे.

आपल्या थोर पूर्वजांनी या प्रश्नाचा एक धागा फार पूर्वी हाती घेतला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून संघटना उभारली. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्याच वर्षीच्या कारखाने कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. त्या सुट्टीला एकशे पस्तीस वर्षे झाल्यावर वैमानिकांच्या सुट्टीचे तास ३६ वरून ४८ झाले. धागा एकच आहे. माणूस यंत्रापुढे उभा राहिला की त्याला थांबवण्याची वेळ यंत्र ठरवीत नाही. ती माणसांनीच भांडून ठरवावी लागते.

आणि घराचा धागा? मुंबई सरकारने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे दोनशेहून अधिक चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळी. खोल्या लहान. पण कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर. चालत कामावर जाता येणे ही केवढी मोठी मिळकत होती, हे ती गेल्यावर कळले. गिरण्या गेल्या, जमिनीवर मनोरे उभे राहिले. गिरणी कामगारांच्या घरांची २०१६ ची एक सोडत निघाली ती पनवेलजवळच्या कोन गावातील घरांची. ज्या जमिनीवर घाम गाळला तेथून घर कित्येक कोस दूर! आज लाखो माणसे कसारा, कर्जत, विरारहून रोज उभ्याने येतात. त्यांचे दोनदोन तास कोणाच्या खात्यावर आहेत?

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे त्या तरुणाला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. एका वाहतूक संस्थेत आम्ही कामगारांच्या बाजूने खात्याअंतर्गत चौकश्या चालवीत होतो. संस्थेचे नाव घेत नाही. कारण या गोष्टीत मोठा दोष आमचा आहे. एका ड्रायव्हरचे घर आगारापासून सत्तर किलोमीटरांवर होते. त्याच्या बदलीचा अर्ज तीन वर्षे पडून होता. आगारातील विश्रांतीची खोली अशी होती की तेथे ढेकूणही नाइलाजाने राहत असावेत. म्हणून तो मिळेल त्या रात्री घरी जाई, आणि पहाटे एखाद्या ट्रकला हात करून परत येई. एके दिवशी सकाळी वळणावर त्याची गाडी गटारात गेली. जीव कोणाचा गेला नाही. पण एका शाळामास्तरांचा पाय कायमचा अधू झाला.

चौकशीत पहिलाच प्रश्न येणार होता की, 'आदल्या रात्री कोठे होता?' खरे सांगावे तर नोकरी जाते. आम्ही त्याला सांगितले, "आगारात झोपलो होतो म्हण." तो तसे म्हणाला. दोन सोबत्यांनी साक्ष दिली. ब्रेकमध्ये दोष होता, असा मुद्दा आम्ही लढवला, आणि जिंकलो. त्याला कामावर घेतले. आगाराच्या फाटकावर आमच्या गळ्यात हार पडला.

पण बंधुभगिनींनो, त्या विजयात आम्ही काय हरलो, ते पाहा. 'तो आगारात झोपला होता' असे आम्हीच कागदावर सिद्ध केले. मग पुढल्या महिन्यात आम्ही 'आगारात झोपण्याची सोय नाही' म्हणून निवेदन घेऊन गेलो, तेव्हा अधिकारी हसून म्हणाले, "तुमचाच माणूस तर तेथे उत्तम झोपला होता!" ते निवेदन तेथेच मेले. बदलीचा अर्जही पडूनच राहिला. एक नोकरी वाचवण्यासाठी आम्ही सर्वांचा प्रश्न खोटा ठरवला. आणि ते शाळामास्तर? त्यांची क्षमा मागण्यास आम्ही गेलो, तेव्हा सहा वर्षे होऊन गेली होती. त्यांनी चहा दिला, आणि एवढेच विचारले, "तो ड्रायव्हर आता घरी झोपतो ना?" आम्हांला सांगता आले नाही.

लपवलेला थकवा हा कामगाराचा शत्रू आहे. जोवर तो लपलेला असतो, तोवर तो एकट्याचा गुन्हा असतो. उघड झाला की तो सर्वांचा प्रश्न होतो.

आता कायदा येथे आपोआप येतो. १९५७ मध्ये मुंबईत बेस्टचा एक ड्रायव्हर काम संपवून जोगेश्वरीच्या आगारातून बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी चालला होता. ती बस उभ्या लॉरीवर आदळली, आणि तो दगावला. भरपाईचा दावा झाला. संस्थेचे म्हणणे असे की काम संपले होते. आता तो केवळ प्रवासी. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये बहुमताने निकाल दिला की, नाही. एवढ्या मोठ्या शहरात ड्रायव्हर वेळेवर यावा म्हणूनच त्याला बसची सवलत दिलेली आहे. तो प्रवास नोकरीचाच भाग होय. त्या विधवेचा दावा मान्य झाला.

दुसरा निकाल अलीकडचा. आपल्याच महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा रखवालदार. पहाटे तीनची पाळी. २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलने कामावर निघाला, आणि कारखाना पाच किलोमीटरांवर असताना अपघातात गेला. उच्च न्यायालयात कुटुंब हरले. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, घर आणि कामाची जागा यांमधील प्रवासात झालेला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, नोकरीतलाच अपघात होय. बावीस वर्षांनी न्याय मिळाला! हेच तत्त्व सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्याच दिवशी मोटार कामगारांचा १९६१ चा कायदाही दुसऱ्या एका संहितेत सामावला गेला. दोन पाळ्यांच्या मध्ये सलग नऊ तास विश्रांती असावी, असे त्या जुन्या कायद्यात होते. नव्या नियमांत तो आकडा खाली सरकू नये, याकडे आमच्या ड्रायव्हर बंधूंनी डोळ्यांत तेल घालून पाहावे.

म्हणजे वाटेत मेलेल्या माणसाची वाट नोकरीच्या खात्यावर लिहिण्यास कायदा तयार झाला आहे. वाटेत शिणलेल्या माणसाची वाट मात्र अजून कोणाच्या खात्यावर नाही. मरणाची भरपाई मिळते. जागरणाची मिळत नाही. उरलेले काम ते हेच.

ते कसे व्हावे? आम्हांला तीन गोष्टी सुचतात. पहिली, मालकाने बेस बदलावा किंवा बदली करावी, तेव्हा माणसाचे घर कोठे आहे हे विचारले पाहिजे, आणि घराजवळची जागा मागणाऱ्यांची यादी उघडी व क्रमवार असली पाहिजे. दुसरी, लांबून येणाऱ्यास ड्यूटीपूर्वीच्या रात्रीसाठी कामाच्या जागी स्वच्छ खाट मिळाली पाहिजे. एसटी असो, रेल्वे असो वा विमान असो. आणि 'मी थकलो आहे, आज चालवीत नाही' म्हणणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार आणि पुढची बढती सुरक्षित असली पाहिजे. तिसरी गोष्ट आमच्या कामगारांनी करण्याची आहे, म्हणून ती कडू आहे. हक्काची विश्रांती मिळाल्यावर ती प्रवासात उधळून कामावर येणे, हा अधिकार कोणालाही नाही. आपल्या पाठीमागे जी माणसे बसतात त्यांनी आपल्यावर विश्वास टाकलेला असतो, आणि ती बहुधा आपल्यासारखीच घरी जायला निघालेली असतात.

बेसजवळ राहणे हाच सरळ उपाय आहे, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणत नाही. बेसजवळ राहिले की झोप मिळते, पण आजारी बाप मिळत नाही, बायकोची नोकरी मिळत नाही. आणि कंपनीने उद्या बेस हलवला तर घराचा हप्ता मागे राहतो. तिकडे, घर गावी ठेवले की बाप मिळतो, मूल ओळखते, पण चुकलेली गाडी आणि पेंगुळलेली पहाट सोसावी लागते. दोन्हीकडे काही सुटणारच. फक्त काय सोडायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. आणि एक गोष्ट मात्र सोडण्याच्या यादीत कधीच धरू नये, ती म्हणजे कामापूर्वीची रात्र.

मुंबईस उतरताना त्या तरुणाला आम्ही आगाराची ती गोष्ट सांगितली. दुसरे देण्यासारखे काही नव्हते. तो गप्प होता. त्याने त्या दिवशी काय केले, ते चार महिन्यांनी फोनवर कळले. दादरहून तो सरळ विमानतळावर गेला आणि 'रात्रभर झोप नाही, आज उड्डाण करणार नाही' असे त्याने लिहून दिले. वरिष्ठांकडून बोलणी खावी लागली. पुढे त्याने आणखी दोघांबरोबर अंधेरीस एक खोली घेतली. आता सलग दोन दिवस सुट्टी असेल तेव्हाच तो घरी येतो, आणि ड्यूटीच्या आदल्या दुपारीच परत निघतो. गावची एक रात्र कमी झाली. "आई रागावली आहे," तो म्हणाला, "आणि मुलगा मला गाडीपर्यंत सोडायला यायचे नाही म्हणतो."

या शेवटच्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नाही. कारण तिठ्यावर उभे राहून आम्हीही एकदा असेच म्हणालो होतो. पण आमच्या वडिलांना जे विचारण्याची सोय नव्हती, ते या मुलाने विचारले. आणि कागदावर खरे लिहिले. आमच्या हातून जे झाले नाही ते त्याने केले.

येत्या महिन्यात चाकरमानी येतील. तळेऱ्याच्या थांब्यावर पहाटे गाड्या लागतील. सामान उतरवून घेताना त्या गाडीच्या ड्रायव्हरला एवढे विचारा, "दादा, झोप झाली का?" आणि तो नाही म्हणाला, तर त्याला रागावू नका, घरात घ्या, चहा द्या, आणि ओसरीवर चटई टाकून द्या. कायदा येईतोवर एवढे तर आपल्या हातात आहे.